एका तारेवर दोन घरं

११ ऑक्टोबर

दादा,

झुमरतवहिनी अजून आपल्या घरची आहे की नाही? काल तिच्या वडिलांनी मला भर रस्त्यात थांबवून हे विचारलं. घरातली शिकलेली मी, म्हणून मला. "आईला विचारून सांगते," म्हणाले आणि चालू लागले. आईला मी काहीच विचारलेलं नाही. तुला विचारते आहे.

तुझा जुना नंबर बंद आहे. नवा आईकडे आहे, पण ती तो देत नाही. "त्याला कामाच्या वेळी त्रास नको," म्हणते. तू फोन करतोस तो आईलाच, आणि बोलतेही तीच. म्हणून हे पत्र आपल्या गावच्या शरीफच्या हाती देते. तो परवा पुन्हा रशियाला, येकातेरिनबुर्गला निघणार आहे. तुला शोधावं लागेल का, असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "छे, इस्फंदियोरला काय शोधायचं? बाजारात डिश आणि मोबाइलच्या गल्लीत उभा असतो. फक्त गावचं माणूस दिसलं की गल्ली बदलतो." आणि हसला. मीही हसले.

आता माझी बातमी. पाहुण्यांची खोली मी घेतली. मुलींसाठीच्या एका प्रकल्पाला अर्ज केला होता, त्यातून कॉम्प्युटर मिळाले. जुने आहेत, पण चालतात. रस्त्याकडच्या खिडकीचं दार केलं आणि वर निळ्या रंगात 'इंटरनेट' लिहिलं. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "पाहुण्यांना गादी नाही, पेट्यांना आहे." सगळं झालं आहे. इंटरनेट तेवढं यायचं आहे. दुकान मांडलं, माल नाही, अशी गत.

तीन वाटा आहेत. कुठली घ्यावी ते तू सांग. तुझा तर तोच धंदा आहे.

पहिली फोनची तार. आपला फोन आणि भिंतीपलीकडच्या बीबी हमरोंचा फोन एकाच तारेवर, हे तुला माहीतच आहे. त्या बोलू लागल्या की आपला मुका, आपण बोलू लागलो की त्यांचा. अशा जोडतारेवर वेगाचं इंटरनेट चढत नाही, असं टेलिफोन एक्स्चेंजमधले मिस्त्री, उस्तो नझर म्हणतात.

"मग आम्हाला वेगळी तार टाका ना," मी म्हणाले.

"टाकू की. केबल यायची आहे."

"कधी?"

"माझे वडील या खुर्चीवर बसायचे तेव्हापासून यायची आहे. तो सोव्हिएत देश गेला पोरी, केबल काही आली नाही. दोघांपैकी एका घराने फोन सोडला तर बोल."

आता फोन कोण सोडणार? मोबाइल आपल्या दरीत पकडत नाही. टेकडी चढून गेलं तरच बोलता येतं, आणि बर्फात तेही नाही.

दुसरी वाट उपग्रहाची डिश. तिसरी हाजी रजब यांच्या गिरणीवरचा मनोरा. त्यांनी आपल्या कचेरीसाठी पंजकेंट शहरातून रेडिओची लाइन आणली आहे, आणि त्यातूनच एक फांदी आपल्याला देतो म्हणतात. गिरणीचं छप्पर आपल्या खिडकीतून सरळ दिसतं. हाजी रजब पैसे मागत नाहीत. मला त्याचीच भीती वाटते.

आपल्या गल्लीत आता पुरुष म्हणजे म्हातारे नाहीतर शाळकरी. बाकी सगळे तिकडे, तुझ्यासारखे. त्यांच्या बायका नवऱ्याचा चेहरा पडद्यावर बघायला टॅक्सी करून पंजकेंटला जातात आणि पाळी येईपर्यंत ताटकळतात. त्यांना आपल्याच गल्लीत चेहरा दिसावा, एवढंच मला करायचं आहे. विद्यापीठात असताना माझे बेत याहून मोठे होते. पण हाही काही लहान नाही.

वरच्या प्रश्नाचंही उत्तर पाठव.

सायोरा


५ नोव्हेंबर

दादा,

उत्तर आलं नाही, डिश आली.

बसच्या पोटात गोधडीत गुंडाळून, पेटीसकट. ड्रायव्हर म्हणाला, "भावाने निरोप दिलाय, हीच लाव, दुसरी काही घेऊ नको. वर्षाचे पैसे भरलेत." आई ती डिश बघून इतकी हरखली, जणू तूच उतरलास. सगळ्या गल्लीला बोलावून दाखवली. "शिकवलं त्यानेच, आता धंदाही त्यानेच मांडून दिला."

ते खरंच आहे. तू तिकडे बर्फात उभा राहिलास म्हणून मी खुजंदला वर्गात बसले. हे मी विसरत नाही. मला ते कुणी विसरूही देत नाही.

डिश बसवायला उस्तो नझर आले. छपरावर वाळत घातलेल्या भोपळ्यांच्या मधोमध वहिनी डिश धरून उभी होती आणि मी खाली पडद्यासमोर.

"थोडी डावीकडे, वहिनी!"

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

"डोंगराकडे!"

"बाई गं, चारी बाजूंनी डोंगरच आहेत!"

शेवटी लागली. आकाशातून येणारं इंटरनेट धो धो येतं. इकडून जाणारं मात्र आपल्या फोनच्या तारेवरूनच जातं. त्यामुळे बीबी हमरोंनी आधी फोन उचलला की सगळं ठप्प. मी भिंतीवरून ओरडते, "बीबी, फोन ठेवा हो, बायका बसल्यात!" आणि त्या तिकडून, "माझी लेक आजारी आहे दुशान्बेला! तुझ्या बायका काय मरतायत?" दिवसातून एकदा तरी हे होतंच. वीजही हल्ली सकाळी थोडी आणि दुपारी थोडी, म्हणून त्या वेळात रांग लागते.

पण दादा, पहिला दिवस तू बघायला हवा होतास. सुरय्यामावशींनी पडद्यावर मुलगा दिसताच काचेचे मुके घेतले. मागच्या बाई म्हणाल्या, "पुसून द्या मावशी, आमचाही यायचाय." कुणी नान आणले, कुणी मनुका. आईने हलवा वाटला. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला वाटलं, हो, याचसाठी आपण शिकलो.

आणि तूही आलास. निळा शर्ट, केस कापलेले. आई रडली. वहिनी चहाची किटली घेऊन दाराशी उभी होती. आईने तिला पुढे बोलावलं नाही आणि तीही आली नाही. तू म्हणालास, "मला तिकडचं काही दिसत नाही, नुसतं राखाडी आहे. राहू दे, आवाज येतोय." आवाज तुझा मोकळा होता. फोनवर तू असा बोलत नाहीस म्हणे. आईच म्हणाली.

तुझे आभार.

सायोरा


२७ नोव्हेंबर

दादा,

माझं चुकलं. डिश घेण्यात नाही, विचारण्यात.

तुझ्या वर्गातल्या दिलोवरची बायको मोहिरा. तिला मुलगा झाला. चाळीस दिवसांचा चिल्ला संपला आणि ती बाळाला घेऊन पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडली ती थेट आमच्याकडे आली. बाळाच्या डोक्यावर नवी टोपी, मनगटात नजरेचे मणी. पडद्यावर दिलोवर आला. तिने बाळाला दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर उचललं. म्हणाली, "बघा!"

"वा!" दिलोवर म्हणाला. "छान आहे. अगदी माझ्यासारखा."

"डोळे बघितलेत?"

"हो तर. काळेभोर. माझे."

खोलीत सगळ्यांच्या नजरा बाळाकडे वळल्या. कारण बाळाचे डोळे मोहिराच्या आजीसारखे घारे आहेत. चिल्ल्यातसुद्धा गल्लीत हीच चर्चा होती. मोहिराने बाळ हळूच खाली घेतलं, नीट गुंडाळलं. दिलोवर तिकडे बोलतच होता. बिचाऱ्याला तिला दुखवायचं नव्हतं, एवढंच. निघताना तिने मला विचारलं, "सायोरा, इकडून काही जातच नाही का गं?"

"जातं," मी म्हणाले. "हळू जातं."

हे खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. येणारा वेग डिशच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत छापला होता. तो मी वाचला, शेजारणींना वाचून दाखवला. जाणारा वेग किती, हे मी विचारलंच नाही. आम्हाला वर्गात शिकवलं होतं की इंटरनेट म्हणजे जगातलं ज्ञान घरात येणं. पण इथे घ्यायला कुणी आलंच नव्हतं. सगळ्या दाखवायला आल्या होत्या. नवी टोपी, पडलेला दात, बांधून झालेली भिंत, स्वतःला.

सुरय्यामावशींना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग बिघडलं कुठे? सुनेला नवरा दिसला, पुरे झालं. सून कशाला दिसायला हवी तिकडे? चार पुरुष बसलेले असतात खोलीत." आणि बऱ्याच सासवांनी माना डोलावल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही डिश काही जणींना फार सोयीची आहे.

वहिनीचं सांगते. ती तंदुरात नान थापत होती. मी शेजारी बसले होते. तिने वर न बघता विचारलं, "त्यांच्या मागचा पडदा बघितलास?"

"कुठला?"

"खिडकीवरचा. पांढरा, जाळीचा. इस्त्री केलेला." तिने एक नान थापला. "सगळे पुरुष एका खोलीत राहतात म्हणे. एका चुलीवर जेवतात, पाळीपाळीने झोपतात. मग इस्त्री कोण करतं गं? दिलोवर?"

मग तीच हसली. "पुढच्या वेळी त्यांना भिंतीसमोर बसायला सांग. पडदा फार बोलतो."

दादा, त्या पडद्याबद्दल मी तुला विचारत नाही. तो तिचा प्रश्न आहे आणि तीच विचारेल. पण तिचा चेहरा तुझ्यापर्यंत जात नाही. तू पाठवलेल्या डिशमधून तो जाणारही नाही. तू दिवसभर याच डिश विकतोस. हे तुला माहीत होतं का, असं मी लिहिणार होते. मग वाटलं, कशाला लिहायचं. तुला माहीत होतं.

सायोरा


१६ डिसेंबर

दादा,

परवा तुझा फोन आला होता. आई तासभर बोलली आणि मग मला सांगितलं, "तो म्हणतो, हाजी रजबांची लाइन घे." आता तुलाच दोन्ही बाजूंची वाट हवी झाली? मला आश्चर्य वाटलं. मग आईने पुढचं सांगितलं.

हाजी रजबांच्या पत्नी दोन बायकांना घेऊन आल्या होत्या. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर त्यांनी जोडीचे नान ठेवले, वर पांढरा रुमाल. मी चहा घेऊन आत गेले तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ये गं कॉम्प्युटरवाली. आमच्या खुर्शेदला कुणीतरी हिशेबाचं यंत्र शिकवायला हवंच आहे." सगळ्या हसल्या. खुर्शेद वाईट मुलगा नाही. एकदा त्याने माझ्यासाठी शिडी धरली होती. पण शिडी धरणं वेगळं आणि जन्मभर त्याच शिडीखाली उभं राहणं वेगळं.

आईने नान मोडलेले नाहीत. मोडले तर सोयरीक झाली. पण परतही पाठवलेले नाहीत. कपाटात रुमालाखाली ठेवले आहेत आणि येताजाता कपाटाकडे बघते. हाजी रजब म्हणाले म्हणे, "आपल्या घरच्याच माणसाला लाइन द्यायची, त्यात देणंघेणं कसलं?"

आणि तुझी अट. आई म्हणाली, "लाइन आली की सगळ्यांनी बसावं. झुमरतने मात्र बसायचं नाही. लोकांपुढे घरचं नको." मी विचारलं, "का?" तर आई एकदम खाली बसली आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड पुसू लागली.

"तिला बघून त्याने तलाकचे ते तीन शब्द उच्चारले तर? मग ती जाईल. मग मी काय करू? तू तर जाणारच आहेस. इथे माझ्यापाशी कोण?"

मी तिचा राग करू शकले नाही. ती वाईट नाही रे. घाबरलेली आहे. पण एक बाई घाबरली म्हणून दुसरी कोंडून ठेवायची?

मी वहिनीला म्हणाले होते, "आपण कोर्टात जाऊ." माझं शिकलेलं डोकं! ती शांतपणे म्हणाली, "कसलं कोर्ट? आमचा फक्त निकाह झालाय. सरकारी नोंद ते परत आल्यावर करणार होते. कोर्टाच्या लेखी मी तुझ्या दादाची कुणीच नाही." मग आम्ही दोघी मशिदीतल्या दोमुल्लांकडे गेलो. ते पडवीत सफरचंद सोलत होते. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "निरोपावर मी कुणाला सोडवत नाही आणि निरोपावर कुणाला बांधूनही ठेवत नाही. पोरीने त्याला बघावं, त्याने पोरीला बघावं, मी दोघांना बघेन. ठेवतोस का सोडतोस, ते तेव्हा त्याने सांगावं. मग ते यंत्रातून का असेना."

"आणि तो कधी बसलाच नाही समोर तर?" मी विचारलं.

"मग त्याला बसावं लागेल असं काहीतरी करा." त्यांनी सफरचंदाची एक फोड वहिनीला दिली. "मी म्हातारा आहे. मला यंत्रं कळत नाहीत."

म्हणजे बघ, तीन वाटा होत्या. डिशमध्ये वहिनी कधीच दिसणार नाही. मनोऱ्याच्या लाइनमध्ये ती दिसू शकते, पण तिला तुम्ही बसू देणार नाही, आणि त्या लाइनीच्या दुसऱ्या टोकाला मी बांधलेली. राहिली तार, ती अर्धी शेजारच्यांची.

दुशान्बेच्या नोकरीचं मी तुला लिहिलं नव्हतं. मुलाखत झाली होती. बोलावलंही होतं. मी गेले असते तर वहिनी या घरात एकटी आईसमोर राहिली असती. म्हणून कळवलं, येत नाही. हे तुला ऐकवायला लिहीत नाही. लिहिता लिहिता आलं, तर राहू दे.

घाटात बर्फ पडू लागलं आहे. हे पत्र घेऊन निघालेली गाडी बहुतेक शेवटची. दरी बंद झाली की आपण सगळे एकमेकांचे तेच तेच चेहरे बघत वसंताची वाट बघणार. भिंतीवर माझी पदवी काचेत लावली आहे. हल्ली तिच्याकडे बघितलं की वाटतं, आम्ही दोघी एकाच चौकटीत आहोत.

सायोरा


२१ जानेवारी

दादा,

घाट बंद आहे. हे पत्र तुला कधी मिळेल सांगता येत नाही. एक ट्रकवाला म्हणतो, रस्ता उघडला की पहिला मीच जाणार, त्याच्याकडे देऊन ठेवते. जे झालं ते तुला आधी आईकडून कळू शकणार नाही, याची मी व्यवस्था केली आहे. ती कशी, तेच लिहिते.

आधी नान. मी ते कपाटातून काढले. दगडासारखे झाले होते. त्याच रुमालात बांधले आणि बीबी हमरोंना म्हणाले, "एवढे हाजी रजबांकडे पोचवाल? अख्खेच." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आईला सांगितलंस?" "नाही." "बरं. मला कुणी विचारलं तर माझे कान ऐकत नाहीत." आणि काठी टेकत गेल्या. हाजींच्या बायकोने दारातच घेतले, चहा विचारला नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीतून निरोप आला की मनोऱ्यावर जागा नाही. खुर्शेद रस्त्यात भेटला तेव्हा त्याने मान खाली घातली. मला वाटतं, त्यालाही थोडं सुटल्यासारखं झालं असावं.

मग उरली तार. मी बीबींसमोर बसले आणि त्यांचा फोन मागितला. म्हणाले, "तुम्ही तुमचा नंबर सोडा, अख्खी तार आम्हाला मिळेल. तुमच्या लेकीला रोज पडद्यावर बघा, फुकट."

"आणि तुझी आई मला तिच्या घरात रोज येऊ देईल?"

बीबींनी जपमाळेचा एक मणी पुढे सरकवला.

"तुझ्या दादाने फोन करून सांगितलं, झुमरतला बसवू नको, तर तुझी आई काय करेल?"

आई काय करेल ते मला माहीत होतं.

"मग तार माझ्याकडून घेऊन तू काय मिळवणार? पिंजरा तोच, फक्त दाणा जास्त." त्यांनी जपमाळ बाजूला ठेवली. "उलटं का करत नाहीस? तुझ्या घरचा नंबर सोड. अख्खी तार माझी होऊ दे. माझ्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. तुझ्या पेट्या इकडे आण. माझ्या घरात कोण कुठे बसणार, ते मी सांगते."

मी घरी आले आणि विचार केला. पटकन नाही केला. आई रोज दुपारी फोनजवळ उशी घेऊन बसते. तू कधी करशील सांगता येत नाही, म्हणून ती संडासलाही मला बसवून जाते. मी तिच्यापासून तेच काढून घेणार होते. कुठल्याही पुस्तकात याला चांगलं म्हणणार नाहीत. पण त्या फोनवरून या घरात काय येतं? तुझे हुकूम येतात, आणि इकडून तुला आईचं रडणं तेवढं जातं. वहिनीचं काहीच जात नाही. तोही डिशसारखाच आहे. मी उगाच डिशला दोष दिला.

मी वहिनीला विचारलं. तिच्याशिवाय करणार नव्हते. ती म्हणाली, "त्यांनी सोडलं, तर मी माझ्या वडिलांकडे जाईन. ठेवलं, तर मी विचारेन कुठे ठेवता, त्या पडद्याशेजारी का? दोन्हीला मी तयार आहे. फक्त त्यांनी माझ्याकडे बघून बोलावं. मी काही आजारी म्हैस नाही, की दुसऱ्याकडून निरोप पाठवून विकावी." मग थोडं थांबून म्हणाली, "आईंचं जेवण मी बीबींकडून भिंतीवरून पाठवत जाईन. त्या उपाशी राहतील, रुसून."

बाबा गेल्यावर फोन माझ्या नावावर झाला होता. कारण घरात अर्ज भरता येणारी मी एकटी. उस्तो नझरांसमोर मी सही केली, तेव्हा त्यांनी कागद उलटा करून पाहिला, मग सुलटा. "लोक इथे फोन मिळावा म्हणून मेंढी घेऊन यायचे," म्हणाले. "सोडायला आलेली तू पहिली. आईला माहीत आहे?" मी म्हणाले, "आज कळेल." ते खांबावर चढले. आपल्या घराकडे जाणारा फाटा कापला आणि सबंध तार बीबींकडे वळवली.

पेट्या बायकांनीच नेल्या. मोहिरा, सुरय्यामावशींची धाकटी सून, आणखी कोण कोण. बाहेरून जायला बर्फ होतं, म्हणून भिंतीवरूनच. इकडून एक उचलून देई, तिकडून दुसरी घेई. सुरय्यामावशी लांबून ओरडत होत्या, "हे चांगलं नाही होत!" आणि सून म्हणत होती, "आई, वायर तेवढी धरा." मावशींनी धरली.

आई आत होती. तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिली.

"बीबी बोलतायत वाटतं," म्हणाली.

"नाही आई. आता हा वाजणार नाही. तार शेजारी गेली."

तिने रिसीव्हर खाली ठेवला नाही. मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, "तू माझा मुलगा तोडलास."

"तो भिंतीपलीकडे आहे, आई. तिथे येऊन बस. तुला दिसेल, आणि त्याला तू दिसशील."

"त्याला मी दिसायला नको," आई म्हणाली. "मी म्हातारी झालेय. त्याने बघितलं तर त्याला वाईट वाटेल."

दादा, हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, एकट्या वहिनीलाच लपवून ठेवलंय. त्या दिवशी मी परसात जाऊन रडले. पण उस्तो नझरांना परत बोलवायला गेले नाही.

वहिनी आता दिवसभर बीबींकडेच असते. आई अजून बीबींच्या घरात पाय ठेवत नाही. माझ्याशी कामापुरतं बोलते. वहिनीने भिंतीवरून दिलेलं जेवण मात्र खाते. मीठ कमी आहे म्हणून निरोप पाठवते.

नव्या तारेचा वेग डिशच्या मानाने काहीच नाही. चित्र थोडं अडखळतं. पण दोन्हीकडून सारखंच अडखळतं. मोहिराने पुन्हा बाळ दाखवलं. दिलोवर आधी काही बोललाच नाही. मग म्हणाला, "अरे, हा तर घारा आहे." मोहिरा म्हणाली, "हो, मग?" आणि दोघं हसत राहिले. तू पाठवलेली डिशही वाया गेली नाही. बीबींनी ती टीव्हीला लावली. मालिका बघतात.

आता तुझ्यापुरतं. बीबींच्या फोनवर करून बघू नकोस. त्यांनी सांगून ठेवलंय, "त्याचा नुसता आवाज आला तर मी ठेवून देईन. चेहरा घेऊन ये म्हणावं." वहिनी रोज दुपारी वीज असते तेव्हा खिडकीजवळच्या पहिल्या पडद्यासमोर बसते. भरतकाम करते. दुसरं कुणी आलं तर उठत नाही, शेजारची जागा दाखवते. दोमुल्लांना निरोप गेला की ते दोन घरं चालून येतील. तुझं खातं चालू झालं की आम्हाला इकडे हिरवा ठिपका दिसतो. तो या आठवड्यात दोनदा दिसला आणि विझला. म्हणजे तू घरी फोन लावून पाहिला आहेस, आणि लागला नाही म्हणून इथे डोकावलास.

तारेत बिघाड झालेला नाही, बर्फानेही ती तुटलेली नाही. आपल्या घरचा नंबर गुरुवारी मी स्वतः परत करून आले.

सायोरा